आमची वाटचाल: कौलांपासून किटलीपर्यंत

महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांची कौले शाकारायची, एवढ्याच कामावर आमची फर्म सुरू झाली. 1829 साली कंपनी सरकारने सातारच्या महाराजांकडून हा डोंगर घेतला आणि पुढे इथे मोठमोठ्या आवारांचे बंगले उठले. मागच्या बाजूला माळ्याची किंवा खानसाम्याची बैठी कॉटेज असे. 2001 पासून हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे पर्यावरण जपण्यासाठी निर्बंध असलेल्या क्षेत्रात आला, नवे बांधकाम अवघड झाले, मालकांचे लक्ष या कॉटेजचे चहाघर करण्याकडे वळले. अशी चहाघरांची कामे आमच्याकडे येऊ लागली.

चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, चुन्याच्या दरजा, लाकडी कैच्या म्हणजे छपर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, वर मंगलोरी कौले. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे पडतो. भिंत तो पितेच, पण दिवाळीनंतर बाहेरही सोडते. सिमेंटचा गिलावा नेमके हेच सोडणे बंद करतो: ओल आत कोंडते, लोणा म्हणजे क्षार फुटतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याची खपली घेऊन गळतो. म्हणून आधी सिमेंट उतरवायचे, तेही छिन्नी-हातोड्याने. ब्रेकर लावला की चिऱ्याच्या कडाच जातात.

नव्या गिलाव्याला विझवून, गाळून, किमान महिनाभर पाण्याखाली मुरवलेला चुना 1 भाग आणि धुतलेली वाळू 3 भाग. पश्चिमेच्या भिंतीला वाळूतला 1 भाग कमी करून विटांची सुरखी, म्हणजे कुटलेल्या विटांची भुकटी घालतो. थर 10 ते 12 मिलिमीटरचा. जाड केला की भेगा आल्याच. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होतो, आणि भिंत पाण्याने भरलेली असेल तर हवा आत शिरत नाही. त्यामुळे नोव्हेंबरपूर्वी आम्ही थापी उचलत नाही. एप्रिलच्या उन्हात काम आले तर ओली पोती लावावी लागतात.

छपरावर चौरस मीटरला साधारण 16 कौले, म्हणजे 40 किलोच्या आसपास भार. दोन्ही उतारांवरची कौले बरोबरीने उतरवायची, नाहीतर कैची एका अंगाला कलते. वासे बहुतेक भिंतीवर टेकतात तिथेच कुजतात. तेवढेच टोक कापून जोड दिला तर बाकीचे जुने लाकूड वाचते.

चहाघर म्हटले की खरा त्रास आतून सुरू होतो. पाऊस चार महिने, किटलीची वाफ बाराही महिने. लाकडी तक्तपोशीखाली, म्हणजे फळ्यांच्या छताखाली, चहाची शेगडी आम्ही मांडूच देत नाही. ती मागच्या पडवीत, वर धुराडे. गॅसच्या टाक्या बाहेर, जाळीच्या कपाटात, खालून हवा खेळेल अशा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. भांडी धुण्याची मोरी जुन्या भिंतीपासून सुटी, तिचे पाणी जोत्यापासून दूर काढायचे. 1000 लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. ती कैचीवर ठेवण्याचा आग्रह अजूनही होतो, आणि आम्ही तो मोडून काढतो. वायरिंग भिंतीवरून उघड्या पाइपातून. चिऱ्याला खाचा पाडत नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो व्हरांड्यावर. मालकाला काच हवी असते. पण व्हरांडा बंद केला की आतल्या खोल्यांचा वारा तुटतो आणि छताला बुरशी धरते. हलवता येतील असे पडदे आम्ही सुचवतो. काचच हवी असेल तर काम सोडतो.

पाहणी मात्र जुलैतच. कोरड्या भिंतीवर ओलीची वाट दिसत नाही. ऑक्टोबरात फोन करणाऱ्याला म्हणूनच पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते.