तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडच्या पोट्ट्याच्या बदलीचं मला काय करायचं?

लग्नात भेटलेले पाहुणे विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, बायको तर आठवड्यातून दोनदा विचारते, पण सगळ्यात नेमका प्रश्न बाबांचा. मी ओट्यावर बसून भाच्याशी फोनवर भांडून राहिलो होतो, का चेल्सी क्लबानं त्या नव्या खेळाडूला एवढ्या पैशांत घ्यायलाच नको होतं, ट्रान्सफर फसली वगैरे, आणि बाबांनी त्यातला एकच शब्द धरला. "कोणाची बदली झाली बे? गुरुजीची?" मी म्हटलं, नाही, फुटबॉलवाल्याची, इंग्लंडातल्या. तर म्हणे, "मंग तिकडच्या पोट्ट्याच्या बदलीचं तुले काय करा लागते?"

प्रश्न बरोबरच आहे म्हणा. गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीन-तुरीचं. नागपूरला निदान विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतली पोरं मैदानात उतरवली, तिथं फुटबॉलचं नाव तरी आहे. आमच्याकडं शाळेमागची पडीत जागा, तिच्यात अर्धी तुराटी वाळत टाकलेली. खेळणारे नाहीतच, पाहणारे आम्ही चार, प्रत्येकाचा इंग्लंडातला क्लब वेगळा. मी लिव्हरपूल, भाचा चेल्सी, कृषी केंद्रातला पोरगा आर्सेनल आणि ज्यांच्या बदलीची बाबांना काळजी ते गुरुजी मँचेस्टर युनायटेड, त्या टीमला आधीसारखं यश नाही, म्हणून गुरुजी जरा शांतच असतात.

तर ट्रान्सफरचं सांगतो. आमच्याकडं पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी ठरतो, हे शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगून ठेवतो. पाडवा ते पाडवा एक साल, इतके पैसे, इतके धान्याचे पोते, आणि आधी थोडी उचल. पाडव्याच्या आधीचे आठ दिवस गावात दुसरा विषय नसतो, कोण कोणाकडून सुटला, कोणी कोणाला जास्त बोलून फोडला, कोण दोघांकडूनही उचल घेऊन बसला. ही ट्रान्सफर विंडोच, म्हणजे खेळाडू घ्यायची-विकायची ठरलेली मुदतच झाली ना भाऊ. फरक एवढाच का तिकडं क्लब क्लबाला पैसे देतो.

आणि साल संपल्यावरही मालक सोडत नसेल तर? बेल्जियमच्या फुटबॉलवाल्या बोसमनचं तेच झालं. 1990 मध्ये त्याचा लीजच्या क्लबाशी असलेला करार संपला, त्याला फ्रान्सात डंकर्कला जायचं होतं, पण जुना क्लब म्हणे आधी पैसे आणा मग पोरगा न्या. करार संपलेला, तरी अडकवून ठेवलेला, आणि वरून पगारही कमी करायला निघाले. तो कोर्टात गेला, पाच वर्षं गेली, डिसेंबर 1995 मध्ये युरोपियन कोर्टाचा निकाल लागला का करार संपला म्हणजे माणूस मोकळा. 2024 मध्ये एम्बापे पॅरिस सोडून रियल माद्रिदला गेला तेव्हा पॅरिसला ट्रान्सफर फीचा एक रुपया मिळाला नाही, तो या बोसमनच्या पुण्याईनं. मी हे बाबांना सालदाराच्या भाषेत सांगितलं तर त्यांना दोन मिनिटांत समजलं, गुरुजींना मात्र अर्धा तास लागला.

ओडेमविंगीचा किस्सा तर आमच्या इथं फार चालतो. 31 जानेवारी 2013, विंडो बंद व्हायचा दिवस, हा वेस्ट ब्रॉम क्लबाचा खेळाडू, सौदा तुटायच्या, म्हणजे पक्का व्हायच्या आधीच स्वतःची गाडी घेऊन लंडनला क्यूपीआर क्लबाच्या दारात जाऊन उभा. क्लबांचं जमलंच नाही. बिचारा पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला आणि परत गेला. असा एक सालदार आमच्याही गावात होऊन गेला, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नव्या मालकाच्या अंगणात, आणि मालक म्हणे मी तर नुसतं विचारलं होतं. नाव सांगत नाही, अजून गावातच आहे तो.

माझा स्वतःचा आवडता सौदा म्हणाल तर आमच्या लिव्हरपूलच्या कुटिन्होचा. जानेवारी 2018, बार्सिलोनानं त्याला नेलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पण त्याच महिन्यात साउथहॅम्प्टनचा व्हॅन डाइक 75 मिलियन पाउंडांत आला आणि उन्हाळ्यात रोमाहून गोलकीपर अलिसन. एक देखणा बैल विकला आणि नांगराची जोडी आणली, असं भाचा स्वतः म्हणाला, चेल्सीवाला असून. मे 2019 मध्ये बार्सिलोना आमच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर 4-0 नं हरली तेव्हा तोच कुटिन्हो त्यांच्याकडून मैदानात होता. ती मॅच पाहून मी रात्री अडीच वाजता वावरात मोटर चालू करायला गेलो, झोप लागणारच नव्हती.

आता व्हीएआर, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर परत तपासणं. यावर मात्र आमचं मनापासून भांडण आहे.

कापूस विकला असेल तर समजेल. मार्केटात गाडी लागते, व्यापारी येतो, वरचा कापूस मुठीत दाबून पाहतो, भाव बोलला जातो, चिठ्ठी फाटते. त्या चिठ्ठीवरचा आकडा पाहून माणूस मनातल्या मनात बायकोचं लुगडं, पोराची फी, कृषी केंद्राची उधारी सगळं वाटून टाकतो. मग गाडी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जाते, खाली होते, आणि अर्धी खाली झाल्यावर तिथला माणूस हात घालून म्हणतो, "काका, आतून ओला आहे, कवडी पण आहे." कवडी म्हणजे खराब कापूस. भाव खाली. मागच्या एका हंगामात माझ्यासोबत हेच झालं, क्विंटलमागं तीनशे रुपये तोडले, आणि खरं सांगू का, थोडा ओला होता कापूस, दव पडलं होतं त्या दिवशी. तो चूक नव्हता. पण चिठ्ठी फाडायच्या आधीच का नाही पाह्यला बे?

गोल झाल्यावर उड्या मारून होतात, शेजारी उठून जातो, आणि मग चार मिनिटांनी कळतं का पायाचा अंगठा बचाववाल्यांच्या पुढं होता, म्हणजे ऑफसाइड, गोल रद्द, तेव्हा मला तीच चिठ्ठी आठवते.

30 सप्टेंबर 2023 ची टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच आपल्याकडं रात्री दहाला होती. लाइट गेलेली. मोबाइल खताच्या पोत्याला टेकवून ठेवलेला, भाच्याचं नेट माझ्यापेक्षा अर्धा मिनिट पुढं, त्यामुळं सगळं आधी त्याच्या तोंडावर दिसायचं. आमचा एक जण रेड कार्डावर बाहेर, 0-0, सालाहचा पास आणि डियाझनं गोल मारला. लाइन्समननं झेंडा वर केला. व्हीएआरवाल्यांनी पाहिलं, डियाझ ऑनसाइडच होता, पण मैदानावर गोल दिला आहे असं समजून त्यांनी "चेक कम्प्लीट" सांगून टाकलं. मैदानावर तर ऑफसाइड दिला होता! म्हणजे बरोबर पाहिलं आणि चूक सांगितलं. खेळ पुन्हा सुरू झाला, चूक लक्षात आली, पण एकदा खेळ सुरू झाला का मागं जाता येत नाही हा नियम. 96 व्या मिनिटाला आमच्याच मॅटिपनं आमच्याच जाळ्यात बॉल घातला, 2-1. भाचा हसला नाही त्या रात्री, एवढं मान्य करतो.

त्या दिवसापासून भाचा म्हणतो काढून टाका हे मशीन. 2024 मध्ये वुल्व्ह्ज क्लबानं प्रीमियर लीगच्या बैठकीत हेच मांडलं होतं, मत पडलं 19 विरुद्ध 1, म्हणजे वुल्व्ह्ज एकटेच. मी लिव्हरपूलवाला असूनही त्या 19 कडं. कारण 2010 च्या वर्ल्डकपमधला इंग्लंडच्या लँपार्डचा गोल मी पाहिलाय, जर्मनीविरुद्ध, बॉल रेषेच्या हातभर आत पडला आणि पंचांनी दिलाच नाही. आपल्याकडं 3 मार्च 2023 ला छेत्रीनं एक्स्ट्रा टाइममध्ये पटकन फ्रीकिक मारली, केरळा ब्लास्टर्सवाले अजून भिंत लावून राहिले होते, गोल दिला गेला आणि त्यांची टीम मैदान सोडून निघून गेली. त्या मॅचला व्हीएआर नव्हतंच. काटा नसला का वाद मिटतो असं थोडीच आहे. धर्मकाटा नव्हता तेव्हाही लुटतच होते, फक्त तेव्हा पुरावा नसायचा.

मला काय पाहिजे ते सांगतो. पंचांचं आपसातलं बोलणं तिथल्या तिथं ऐकू द्या, तीन दिवसांनी नाही. त्या डियाझच्या गोलाची ऑडिओ मंगळवारी बाहेर आली, तोवर आम्ही शनिवारपासून एकमेकांना काय काय बोलून बसलो होतो. आणि कोलंबियात 2024 च्या वीस वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपमध्ये वापरलं तसं करा, कोचला मॅचमध्ये दोन वेळा "परत पाहा" म्हणायचा हक्क, बरोबर निघालं तर हक्क शाबूत. शेतकऱ्यालाही जिनिंगमध्ये असा एक हक्क असता तर काय पाहिजे होतं. अंगठ्या-नखाच्या ऑफसाइडवर आमचं अजून ठरलेलं नाही. एप्रिल 2025 पासून प्रीमियर लीगमध्ये रेषा बरीचशी मशीनच ओढते, वेळ वाचतो, पण नख ते नखच. आर्सेनलवाला म्हणतो रेषा म्हणजे रेषा. गुरुजी म्हणतात डोळ्याला दिसत नसेल तर सोडून द्या, आणि गणिताचे गुरुजी असं म्हणतात याचं मला नवल वाटतं.

1 सप्टेंबर 2025 ला आमच्याकडं महालक्ष्म्यांचं जेवण होतं. घर भरलेलं, आंबील-पुरण झालेलं, बाया आवराआवर करून राहिल्या होत्या आणि मी न्हाणीघराच्या मागं मोबाइल घेऊन, कारण विंडो रात्री साडेअकराला बंद होणार होती आणि इसाकचं अजून तुटलं नव्हतं. न्यूकॅसलचा इसाक, करार 2028 पर्यंतचा, पण आमच्या लिव्हरपूलला यायचंच म्हणून संघाकडून खेळणं बंद केलेला. बाबांनी मला तिथं पकडलं. सांगावं लागलं.

"साल बाकी हाय ना त्याचं?"

"हाव, तीन."

"मंग चुकला तो. सालाच्या मधात काम टाकून बसत नसते." आणि झोपायला गेले.

सकाळी मी चहा घेत होतो, बाबा बैलांना ढेप टाकून आले, हात धुतले, बसले. माझ्याकडं न पाहताच म्हणाले, "कितीत तुटलं मंग?"

म्हटलं 125 मिलियन पाउंड, आपले चौदाशे कोटींच्या वर.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उचल किती देली?"