सासरच्या पूर्वजाचं मृत्युपत्र

माझं सासर अमेरिकेच्या दक्षिणेतलं, नॉर्थ कॅरोलायनातलं. नवऱ्याच्या पणजोबांच्या आजोबांबद्दल घरात एवढंच सांगितलं जायचं की कष्टाळू, गरीब शेतकरी, जमीन बेताची, पदरी गुलाम वगैरे काही नव्हते. माझ्या माहेरची वंशावळ नाशिकच्या उपाध्यांच्या चोपडीत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली. तसं इथं काही नाही म्हटल्यावर सासूबाईंनी हे काम माझ्या गळ्यात घातलं.

आधी जनगणनेकडे वळले. ती तिथं १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. आमचा हा पूर्वज १८५० च्या आधीच गेलेला. त्यामुळे बायकामुलांची नावं कळण्याची खरी आशा मृत्युपत्रावरच.

शेत आज अलामान्स काउंटीत आहे, पण ही काउंटी १८४९ मध्ये ऑरेंजमधून वेगळी काढली. तालुका नवा झाला तरी जुनं दप्तर जुन्याच ठिकाणी, हे आपल्याला काही नवीन नाही. म्हणजे ऑरेंजचे, हिल्सबरोच्या कोर्टाचे कागद बघायचे. मृत्युपत्रांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मात्र वहीत असते ती कारकुनाने केलेली नक्कल. मूळ कागद टिकला असेल तर राली शहरातल्या राज्य अभिलेखागारात सापडतो, आणि तो मागवायचा कंटाळा करू नये.

मजकुराची सुरुवात ‘देवाच्या नावाने, आमेन’. मग देह थकला आहे, बुद्धी शाबूत आहे वगैरे. हा सगळा ठरलेला मसुदा, त्यात माणूस शोधण्यात अर्थ नाही. माणूस दिसतो तो वाटण्यांत. खाली सहीच्या जागी फुली होती, म्हणजे गृहस्थांना लिहिता येत नसावं. पण धाकट्या मुलांना लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवावं, असं त्यांनी बजावून ठेवलेलं. लोहारकामाची हत्यारं मधल्या मुलाला. ते लोहारकामही करत असणार, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. थोरल्याला फक्त एक डॉलर. वाचून वाटतं, बापाने हाकलून दिला असेल. पण हयातीतच वाटा देऊन झाला असेल तरीही असं लिहीत. जमिनीच्या खतांची वही उघडली, तर त्याच्या नावाने बापाने केलेलं बक्षीसपत्र निघालं.

बायकोला घर, एक गाय आणि पिसांची गादी, तीही ‘विधवा राहील तोवर’. दुसरं लग्न केलं की सगळं मुलांचं. हे वाचून माझं डोकं फिरलं. मात्र मृत्युपत्राबरोबर इस्टेटीचे सुटे कागदही मागवले होते, त्यांत या बाईंचा अर्ज मिळाला: नवऱ्याचं मृत्युपत्र मला मान्य नाही. कायद्याने तशी मुभा होती. विधवेने मुदतीत नकार कळवला, तर तिला हयातीपुरता जमिनीचा तिसरा हिस्सा मागता येई. सासूबाई या बाईंवर बेहद्द खूश झाल्या.

पण त्याआधीचं एक कलम त्यांना वाचून दाखवताना मलाच अवघड झालं होतं. मुलीच्या वाटणीत घोडा, खोगीर, आणि त्याच ओळीत एक काळी मुलगी, ‘तिला पुढे होणाऱ्या मुलाबाळांसह’. जन्मालाही न आलेल्या पोरांची वाटणी! इतर मुलांच्या वाटणीतही अशीच माणसं, नुसत्या पहिल्या नावाने. ‘मग आम्हाला हे कुणी कसं सांगितलं नाही?’ असं सासूबाईंनी विचारलं. नवरा म्हणाला, ‘माहीत होतं म्हणूनच नाही सांगितलं.’

माझ्या मते या कागदातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत, पण त्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढंच. नाव सहसा नाहीच. स्वतंत्र झालेल्या या लोकांची नावं जनगणनेत आली ती १८७० साली. त्याआधीचा शोध घेणाऱ्या त्यांच्या वंशजांना मालकांची मृत्युपत्रंच धुंडाळावी लागतात. आमच्या घरी हा हौसेचा विषय होता. त्या कुटुंबांना मात्र त्यांच्या पणजीचं नाव कदाचित आमच्याच कागदात सापडेल.

म्हणून ती नावं मी वेगळी उतरवून काढली आणि काउंटीच्या वाचनालयात वंशावळीच्या विभागाला दिली. नॉर्थ कॅरोलायनात १८६६ मध्ये कायदा झाला आणि गुलामगिरीतून सुटलेल्या जोडप्यांनी आपली लग्नं नोंदवायची होती. काही काउंट्यांच्या त्या वह्या टिकल्या आहेत. त्यांत ही नावं जुळतात का, ते पाहते आहे. पण नुसत्या पहिल्या नावावरून काहीही ठामपणे म्हणता येत नाही. सोबत, जिच्या वाटणीत ती काळी मुलगी आली, त्या लेकीच्या सासरची खतंही चाळते आहे, कारण माणसांच्या विक्रीची खतं जमिनीच्या खतांच्याच वह्यांत चढवलेली असतात.