जोडव्याचे बोट

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज सराफाच्या दुकानात बाकावर बसून उजव्या पायातील जोडवे कापून घेतले. ते ओढून काढण्याची शक्यता केव्हाच संपली होती, कारण अंगठ्याशेजारचे बोट मधल्या सांध्यातून घराच्या आढ्यासारखे वर उचलले गेले आहे आणि त्या उंचवट्यावरून चांदीचे वेढे सरकत नव्हते. साबणाचा फेस, खोबरेल तेल, थंड पाण्यात पाय बुडवून बसणे, सारे करून झाले होते. वेढ्याखाली बारीक कातरी घालताना सोनार "ताई, दुखलं तर सांगा" असे दोनदा म्हणाला. दुखले नाही. वेढे सुटल्यावर मात्र त्याखालची ३६ वर्षांची पांढरट खाच दिसली आणि मी उगाचच साडीचा काठ पायावर ओढून घेतला.

परवा, बुधवारी, लातुरात या बोटाची शस्त्रक्रिया आहे. अंगावरील सर्व धातू उतरवून यावे, असे परिचारिकेने आधीच बजावले होते. बांगड्या, मंगळसूत्र आणि डाव्या पायातील जोडवे त्याच संध्याकाळी पुन्हा अंगावर येईल. उजव्या पायातील जोडव्याला किती महिने लागतील, हे डॉक्टरांनाही नेमके सांगता आले नाही. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्यापुढे हा विषय कसा काढावा, याची मी आठवडाभर मनाशी जुळवाजुळव करीत होते. त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. "काढून ठिव देवीच्या टाकापाशी. तिला काय कळंना व्हय?" एवढे बोलून त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

३ डिसेंबर, मंगळवार

उद्या लिहिणे होणार नाही, म्हणून इथवर कशी आले ते आजच नोंदवून ठेवते.

माझ्या पायाचे दुसरे बोट जन्मापासून अंगठ्याहून लांब आहे. मला पाहायला आलेल्या मंडळींतील एका आत्याबाईंनी त्याकडे बोट दाखवून "पोरगी नवऱ्याला मुठीत ठेवंल" असे भाकीत केले होते, आणि आमच्या घरी पुढे अनेक वर्षे त्या वाक्यावर हसणे चालू होते. डॉक्टरांनी सांगितले ते एवढे गमतीचे नव्हते. लांब बोट अरुंद टोकाच्या पादत्राणात पुढे टेकते, जागा न मिळाल्यामुळे मधल्या सांध्यात दुमडते, आणि रोज तासन्‌तास तसेच दुमडलेले राहिले की त्याला वाकवणारे स्नायुरज्जू, ज्यांना आपण सरसकट शिराच म्हणतो, आखूड व ताठर होतात. पावलातील लहान स्नायूंचे बळ कमी पडले की बोट सरळ राखणारा तोल बिघडतो आणि त्याला हातोडीचा आकार येतो. म्हणूनच या विकाराला हॅमर टो म्हणतात. शाळेत २९ वर्षे मी निमुळत्या सँडल घालून फळ्यापुढे उभी राहिले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, बोटाने ठेवला. जोडव्यामुळे हे झाले काय, असेही मी विचारले. जोडवे हे कारण नव्हे, असे ते म्हणाले. पण सूज आलेल्या बोटावर घट्ट वेढे ठेवणे धोक्याचे असल्याची पुस्तीही त्यांनी जोडली.

सुरुवातीला बोट हाताने दाबले की सरळ होत असे. त्याच काळात उपाय केला असता, तर रुंद पुढ्याचे बूट, बोटाखाली मऊ गादी, पट्टी बांधणे आणि व्यायाम यांवर भागले असते, निदान दुखणे आटोक्यात राहिले असते. तसे न करता मी सांध्यावर आलेले कुरूप दाढीच्या पात्याने तासत बसले, औषधाच्या दुकानातील कुरुपाच्या पट्ट्या लावत राहिले, आणि गेल्या श्रावणात तिथे पू झाला तेव्हा कुठे घाबरले. मला मधुमेह आहे. त्या पट्ट्यांत कातडी विरघळवणारे सॅलिसिलिक आम्ल असते आणि मधुमेही माणसाने त्या स्वतःच्या मनाने लावू नयेत, हे त्या पाकिटावर छापलेले असूनही मी कधी वाचले नव्हते. मुलांना धडा वाचून या, असे आयुष्यभर सांगणारी मी!

पू भरून आलेली जखम बरी होईपर्यंत डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे नाव काढले नाही. नंतर त्यांनी पावलावरची व घोट्यामागची नाडी बोटांनी चाचपून पाहिली, डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला व "लागतंय का?" असे विचारीत गेले, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घेतली. ती ७.१ टक्के आली. रक्तपुरवठा चांगला, संवेदना शाबूत, साखर काबूत, म्हणून मग तारीख मिळाली. लवचीक बोटाला शीर सैल करून किंवा तिची जागा बदलून चालते. माझा सांधा मात्र कायमचा ताठर झाला असल्यामुळे हाडाला हात लावावा लागेल, सांध्याची दोन टोके कापून ती एकमेकांना जोडावी लागतील, आणि ते बोट मधोमध पुन्हा कधीही वाकणार नाही, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. पायाच्या बोटाने मला काय वाकायचे आहे, असे यांनी विचारले. उकिडवे बसताना बोट तळाशी, म्हणजे पावलाच्या सांध्यात वाकते आणि तो सांधा तसाच राहणार आहे, हे ऐकल्यावर मी सही केली.

५ डिसेंबर, गुरुवार

शस्त्रक्रिया काल झाली. पूर्ण भूल दिली नाही. घोट्याभोवती चार-पाच सुया टोचून पाऊल तेवढे बधिर केले. त्या सुयाच सगळ्यांत जास्त लागल्या. पुढे पडद्यापलीकडे काही तरी ओढल्यासारखे, करकरल्यासारखे जाणवत राहिले आणि डॉक्टर आपल्या सहायकाशी येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, भज्जी ही मिश्र भाजी कोणाच्या शेतात खायची याची चर्चा करीत होते, त्यामुळे मला फार धीर आला. साधारण पाऊण तासात काम उरकले.

रात्री बधिरपणा उतरला. अकराच्या सुमारास बोटात ठोके पडू लागले आणि दोनपर्यंत मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होते. दुखू लागण्याआधीच गोळी घ्या, असे सांगितलेले असताना मी शहाणपणा करून दुखेल तेव्हा घेऊ म्हटले होते. पाय तीन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवला की ठोके मंदावतात. खाली सोडला की मिनिटभरात पाऊल जड होऊन बोट जांभळे पडते. हे एकदा करून पाहिले, पुन्हा पाहिले नाही.

बोटाच्या टोकातून पोलादी तार बाहेर आली असून तिचे टोक वाकवून त्यावर प्लास्टिकचा हिरवा मणी बसवला आहे. तिला के-वायर म्हणतात. यातला 'के' म्हणजे मार्टिन किर्श्नर हा जर्मन शल्यविशारद असून त्याने १९०९ मध्ये या तारा वापरात आणल्या, असे मुलाने मोबाइलवर शोधून वाचून दाखवले. ती सहा आठवडे हाडे एका रेषेत धरून ठेवणार आहे.

११ डिसेंबर, बुधवार

आठवडाभरात मला सर्वांत अवघड गेले ते दुखणे नव्हे, बूट. ताठ तळव्याचा, भार टाचेवर घेणारा हा बोजड बूट घातल्याशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही, अशी सक्त ताकीद आहे, आणि आमच्या घरात उंबऱ्याच्या आत पादत्राण आलेले मी लग्नानंतर पाहिलेले नाही. पाहुण्यांच्या लहान मुलांनाही मी चपला बाहेर काढायला लावीत आले. आता मी स्वतःच स्वयंपाकघरात बुटासह खटखटत जाते आणि भाकरी थापणाऱ्या सुनेची नजर त्या बुटाकडे जाऊन परत तव्यावर येते. ती काही बोलत नाही. तिने काही बोलावे, असे मला वाटते.

यावर तोडगा म्हणून जुन्या लुगड्याची पिशवी शिवून मी ती बुटावर चढवली. दुसऱ्याच दिवशी मोरीजवळच्या ओल्या फरशीवर ती घसरली. दाराची चौकट हाती लागली म्हणून निभावले, नाही तर बोटाऐवजी खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली असती. सासूबाईंनी पिशवी काढून घेतली, ओल्या फडक्याने बुटाचा तळवा पुसला आणि "हं, चल आता" म्हणाल्या. देवघरात मात्र मी जात नाही. दारातूनच हात जोडते. तो नियम कोणी घातलेला नाही.

अंघोळीला पावलावर प्लास्टिकची पिशवी बांधून पाय बाहेर दुसऱ्या स्टुलावर ठेवावा लागतो, कारण तारेच्या तोंडाशी पाणी गेले तर जंतू त्या वाटेने थेट हाडापर्यंत जाऊ शकतात. पावसाळ्यात शस्त्रक्रिया करू नका, असा सल्ला का दिला होता तो आता कळतो. दिवसभर घोटा वरखाली हलवत राहायचे, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून.

१८ डिसेंबर, बुधवार

टाके काढले. जखम कोरडी आहे.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या

औशाजवळच्या शेतात सगळे गेले आणि मीही गेले, पण जीपमधून उतरले नाही. काळ्या रानातल्या ढेकळांतून हा बूट चालवणे शक्य नाही, आणि तार कशात अडकून वाकली किंवा मोडली तर पुन्हा चिरफाड करावी लागेल. दूर कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा चालू होती, हरभऱ्याचे रान हिरवेगार होते, आणि जीपच्या मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून मी भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील असे तीन वेळा वाढून घेतले. साखरेचा विचार करून खिरीला हात लावला नाही, असे इथे लिहून ठेवते. ते साधारण खरे आहे.

शेजारच्या शेतातील एक ओळखीची बाई बोलायला आली. तिच्याही दोन्ही पायांची दुसरी बोटे तशीच आहेत, वर कुरुपे आहेत, पण ती जन्मभर अनवाणी किंवा सैल चपलेत चाललेली. मग अरुंद पादत्राणाचा सिद्धान्त कुठे गेला? तिचा अंगठाच कलून शेजारच्या बोटाखाली शिरला होता आणि त्या बोटाला जागा उरली नव्हती. अशा पायाला नुसते बोट सरळ करून उपयोग नसतो, आधी अंगठ्याचे पाहावे लागते, हे मी डॉक्टरांकडून ऐकले होते; तरी तिला तसे न सांगता एकदा दाखवून घे, एवढेच सांगितले. तिने माझ्या बुटाकडे पाहिले आणि "इतके दिवस बसून कोण खाऊ घालंल, बाई?" म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सहा आठवडे पाय वर करून बसण्याला निवृत्तिवेतन लागते.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाला पंधरा-वीस जणी आल्या. वाकून नमस्कार करणाऱ्या प्रत्येकीची नजर आधी पायांवर जाते, हे मला इतकी वर्षे जाणवले नव्हते. डाव्या पायात जोडवे, उजव्यात हिरवा मणी. दोघी-तिघी ओशाळून गप्प झाल्या, एकीने हळूच "भाऊ बरे आहेत ना?" असे विचारले, तेव्हा हे बाहेर ओसरीवर तिळगूळ खात मोठ्याने बोलत होते, म्हणून वेगळे उत्तर द्यावे लागले नाही. गल्लीत नव्याने आलेल्या एका सुनेने मात्र मणी निरखून "काकू, ही नवीन फॅशनची जोडवी कुठं मिळाली?" असे अगदी मनापासून विचारले. सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

१५ जानेवारी, बुधवार

तार निघाली. भूल नाही, सुई नाही. डॉक्टरांनी पक्कडीने टोक धरले, मला खोल श्वास घ्यायला सांगितले आणि श्वास सोडण्याआधीच ती बाहेर आली. दुखण्यापेक्षा हाडातून काही सरकत गेल्याची जी जाणीव झाली तिला माझ्याकडे शब्द नाही. रक्ताचा एक थेंब आला. बोट सरळ आहे, पण सुजून केळ्यासारखे दिसते, आणि टोकाला थोडे बधिर आहे.

क्ष-किरण चित्रात दोन्ही हाडांमध्ये अजून पुसट रेघ दिसते. कधी कधी तिथे हाडाऐवजी चिवट तंतूंचा सांधा तयार होतो आणि त्यावरही चालणे व्यवस्थित होते, असे डॉक्टर म्हणाले. आता शेजारच्या बोटाशी चिकटपट्टीने बांधून ठेवायचे, तळाचा सांधा हाताने रोज खाली वाकवायचा, जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी गोळा करायचा. हा शेवटचा व्यायाम पाहून नातवाला तो खेळ वाटला आणि तो माझ्यापेक्षा चांगला करतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

आज बुटाशिवाय देवघरात गेले. बोट उभे राहताना जमिनीला पुरते टेकत नाही, किंचित अधांतरी राहते. हा या शस्त्रक्रियेचा ठाऊक असलेला दोष आहे. तळाचा सांधा वाकवण्याचा व्यायाम वाढवायला सांगितले आहे. निमुळत्या सँडलचे तीन जोड कपाटात होते, ते कोणाला देऊ नयेत असे वाटल्यामुळे कचऱ्याच्या गाडीत टाकले. सुनेने एक जोड परत काढून आणला. तिचीही बोटे लांब आहेत, म्हणून तो मी तिच्या देखत पुन्हा टाकला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

चालताना दुखत नाही. कुरूप आपोआप मऊ पडून गेले, कारण त्याच्यावर घासणारे काही उरले नाही. संध्याकाळी मात्र सूज अजूनही येते, आणि सहा महिने, प्रसंगी वर्षभरही ती राहू शकते, हे आधीच सांगितलेले असल्यामुळे मी तक्रार करीत नाही, फक्त मोजते.

सकाळी गुढी उभारल्यावर सासूबाईंनी टाकाजवळचे कापलेले जोडवे आणून दिले आणि सोनाराकडून जोडून घे म्हणाल्या. दुपारी गेले. सोनाराने पाय पाहून जोडवे डाख देऊन सांधायला नकार दिला; उघड्या तोंडाचे, सैल करता येणारे जोडवे करू, पण सूज पुरती उतरल्यावर, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्याकडून मापाचा दोरा मागून घेतला आणि घरी येऊन पट्टीवर धरला. मागच्या महिन्यात शिवणाच्या टेपने मोजले तेव्हा उजव्या बोटाचा घेर ५.९ सेंटिमीटर होता. आज ५.६. डावे ५.१.