मुर्डीचे रँग्लर

शाळेत असताना गणिताचा पेपर हातात पडला की आजोबा विचारायचे, "काय, रँग्लर झालीस का?" रँग्लर म्हणजे पैकीच्या पैकी मिळवणारा, एवढीच माझी समजूत. पुढे मी स्वतः गणित शिकवायला लागले तेव्हा नीट कळलं. केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत, पहिल्या वर्गात येतात ते रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. 1899 साली तो मान आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाला. बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला खरा, पण त्याआधी एकाही भारतीयाच्या नावावर तो नव्हता.

परवा आंजर्ल्याहून मुर्डीत गेले होते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आत नारळी-पोफळी, पाटाचं पाणी. इथलं पोर केंब्रिजला पोचलं कसं? त्याचं उत्तर खाडीपलीकडे, हर्णैच्याही पुढे, मुरूडात आहे. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी या मुलाची हुशारी ओळखली आणि त्याला शिकायला आपल्या घरी ठेवून घेतलं.

परांजपे 1902 मध्ये परतले आणि थेट फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. वय अवघं सव्वीस. मधली मंत्रिपदाची वर्षं सोडली तर 1924 पर्यंत ते तिथेच होते. सरकारी नोकरीतला मोठा पगार त्यांना सहज मिळाला असता. आणि त्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते कोण? अण्णा कर्वे! 1914 पर्यंत. ज्याला घरात वाढवलं, तोच आता कॉलेजचा प्रमुख.

हे वाचताना माझा जीव भरून येतो, कारण असा एक दिवस मीही पाहिला आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझाच एक विद्यार्थी आमच्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन आला. मी रजेचा अर्ज घेऊन गेले तर तो ताडकन उभा राहिला, टेबलावरचा चहा हिंदकळला. "बाई, तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं ना." मी म्हटलं, "बस रे बाळा, खुर्ची तुझी आहे." त्याने सही केली, पण उभ्यानेच.

परांजपे पुढे 1932 ते 1938 लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. मग ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. एवढं सगळं झाल्यावर, ऐंशीव्या वर्षी, 1956 साली त्यांनी पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद स्वीकारलं. पहिले कुलगुरू जयकर यांनी उभं केलेलं ते विद्यापीठ तेव्हा दहा वर्षांचंही नव्हतं.

ते कुलगुरू असतानाच, 1958 मध्ये, अण्णांनी शंभरी गाठली आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. महिला विद्यापीठ काढणारे मुरूडचे अण्णा हिंगण्याला, आणि त्यांच्या घरी राहून शिकलेला मुर्डीचा रघुनाथ गणेशखिंडीत, कुलगुरूंच्या खुर्चीवर.