‘फुल राईट दिल्यात’ या तीन शब्दांत माझा दीड दिवस गेला

फोनवर कारखान्याच्या आयटीवाल्या दादांनी मला सांगितलं होतं, “साहेब, शेअर तयार हाय, फुल राईट दिल्यात, तुम्ही येऊन फक्त सेटअप चालवा.” शेअर म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायचं फोल्डर, राईट म्हणजे त्यावरचे हक्क. मी विश्वास ठेवला आणि दोन दिवसांचं सामान घेऊन स्वारगेटहून निघालो. तिसऱ्या दिवशी रात्री परतलो. तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या जागेत मेसेजिंग सर्व्हर बसवायला बाहेरगावी जाणार असेल, तर निघण्याआधी हे वाचून जा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कमधली खाती आणि ग्रुप सांभाळणारी यंत्रणा), डीएनएस आणि सर्टिफिकेट तुम्हाला येतं असं मी धरून चालतोय. ते येत नसेल तर हे काम एकट्यानं अंगावर घेऊ नका.

काम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतं. त्यांना निरोप आणि मीटिंग कारखान्याच्या आतच ठेवायच्या होत्या, म्हणून स्काईप फॉर बिझनेस सर्व्हर 2019. (त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आता सबस्क्रिप्शन एडिशन बसवतात, पण फाइल स्टोअर, म्हणजे सर्व्हर आपल्या फाइल ठेवतो तो शेअर, तिथेही लागतोच.)

प्रवासाबद्दल एवढंच: महामार्गाची कामं चालू होती, पाच तासांच्या जागी साडेसात लागले. तावडे हॉटेलला उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिथून वीसेक किलोमीटरसाठी गाडीवाल्यानं 900 रुपये घेतले. मी दमलो होतो, दिले. ही सरळ लूट आहे. उतरण्याआधीच कारखान्याची गाडी मागवा, ते पाठवतात. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसाची सकाळ छान गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतली स्कीमा, फॉरेस्ट, डोमेन ही तिन्ही तयारी पहिल्या झटक्यात पार पडली. दुपारी टोपॉलॉजी बिल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरांची मांडणी ठरवायच्या टूलमध्ये, आराखडा भरला, फाइल स्टोअर म्हणून त्यांच्या फाइल सर्व्हरवरचा शेअर दिला आणि पब्लिश केलं. शेवटी विझार्ड म्हणाला, पूर्ण झालं, पण काही वॉर्निंग आहेत.

इथे थांबा. माझी चूक इथेच झाली आणि बहुतेकांची इथेच होते.

मी लॉग उघडला. शेअरवर परमिशन जतन करता आल्या नाहीत, अनधिकृत क्रिया, अशा अर्थाच्या ओळी होत्या. मी त्याच सर्व्हरवरून शेअर उघडला, नोटपॅडची फाइल बनवली, सेव्ह केली, पुसली. सगळं व्यवस्थित झालं. शेजारी बसलेले आयटीवाले दादा म्हणाले, “बघा की, लिहितंय न्हवं.” मलाही पटलं. वॉर्निंग फुटकळ असेल असं समजून पुढे गेलो.

फाइल बनली म्हणजे परमिशन बरोबर आहेत, ही समजूत साफ चुकीची आहे. विंडोजच्या शेअरला दोन दारं असतात. पहिलं शेअर परमिशनचं आणि आतलं एनटीएफएसचं, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरच्या हक्कांचं (प्रॉपर्टीतलं सिक्युरिटी), आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जे जास्त कडक असेल तेच लागू होतं. आत फुल कंट्रोल असलं तरी बाहेर कमी असेल तर कमीच मिळतं. त्यांनी एनटीएफएसला फुल कंट्रोल खरंच दिलं होतं, दादा खोटं बोलत नव्हते. पण शेअरच्या दारावर ‘एव्हरीवन’ला फक्त चेंज होतं. चेंजमध्ये वाचणं, लिहिणं, पुसणं सगळं चालतं. परमिशन बदलणं तेवढं चालत नाही. त्याला शेअरवरही फुल कंट्रोलच लागतं, फोल्डरचे मालक तुम्ही स्वतः असलात तरी.

आणि टोपॉलॉजी बिल्डरला नेमकं तेच करायचं असतं. तो शेअरमध्ये वेब सर्व्हिसेस, ॲप्लिकेशन सर्व्हर, सेंट्रल मॅनेजमेंट अशी फोल्डरं बनवतो आणि ज्यांचं नाव ‘आरटीसी’नं सुरू होतं त्या ग्रुपांना त्यांवर हक्क लावतो: युनिव्हर्सल सर्व्हर ॲडमिन्स, युनिव्हर्सल कॉन्फिग रेप्लिकेटर, कॉम्पोनंट युनिव्हर्सल सर्व्हिसेस, एचएस युनिव्हर्सल सर्व्हिसेस. माझ्याकडे फोल्डरं बनली होती. हक्क मात्र एकावरही लागले नव्हते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं जागेवर आहे.

संध्याकाळी सर्व्हिस सुरू केल्या. मॅनेजमेंट शेलमध्ये रेप्लिकेशनची, म्हणजे आराखडा सर्व्हरवर पोचला का याची, स्थिती विचारली. फॉल्स, म्हणजे नाही. पुन्हा ढकललं, पुन्हा फॉल्स. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फाइल ट्रान्सफर एजंट (शेअरमधून या फाइल नेणारी सर्व्हिस) लाल दिसत होता, ॲक्सेस डिनाइड.

त्या रात्रीचे सहा तास मी भलत्याच ठिकाणी शोधत होतो. आधी शेअरसाठी लागणारं 445 पोर्ट तपासलं, उघडं होतं. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहिला. सर्व्हिस चार वेळा बंद-चालू केल्या. दहाच्या सुमारास कारखान्याच्या एका अधिकाऱ्यांनी सांगितलं की आधी येऊन गेलेल्या माणसानं हाच अडथळा पाहून नवीन स्टोरेज बॉक्स घ्यायचं कोटेशन दिलंय. मी ते कोटेशन पाहिलं आणि मला मनापासून राग आला. सकाळी कळलं, सगळं अडलं होतं ते एका खुणेच्या चौकटीवर; त्यासाठी नवीन पेटी विकायची? ही असली माणसं आपल्या धंद्याचं नाव घालवतात. असं कोटेशन समोर आलं तर सही करण्याआधी शेअरची परमिशन पाहा, खर्च शून्य आहे.

रात्री एकला लॉजवर पोचलो. झोप लागली नाही. पडल्या पडल्या एकच विचार चालू होता: फाइल लिहितोय कोण? नोटपॅड चालवला तो मी, डोमेन ॲडमिन. फाइल ट्रान्सफर एजंट माझ्या नावानं चालत नाही, ‘नेटवर्क सर्व्हिस’ या विंडोजच्या अंगभूत खात्यानं चालतो, आणि नेटवर्कवर त्याची ओळख म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं कॉम्प्युटर अकाउंट, नावाच्या शेवटी डॉलर असलेलं. मला दार उघडं आहे यावरून त्याला उघडं आहे हे कळतच नाही. त्या ओळखीनं तपासायचं तर पीएसएक्झेक हे मायक्रोसॉफ्टचं छोटं टूल वापरून कमांड विंडो नेटवर्क सर्व्हिसच्या नावानं उघडायची आणि तिथून शेअरची यादी मागायची. सकाळी पहिलं काम ते केलं. ॲक्सेस डिनाइड, एका सेकंदात. हे आदल्या दुपारी केलं असतं तर रात्र वाचली असती.

मग फाइल सर्व्हरवर ॲडव्हान्स्ड शेअरिंग उघडलं. चेंजवर खूण होती, फुल कंट्रोलची चौकट रिकामी. दादा स्वतःच म्हणाले, “आई शप्पत, हे मी बघितलंच न्हाई. प्रॉपर्टीत सिक्युरिटीला दिलं की झालं, असं वाटलं हुतं.” त्यांना दोष देत नाही. नव्या शेअरला विंडोज आपणहून ‘एव्हरीवन’ला फक्त रीड देतं. ते चेंजपर्यंत वाढवतात आणि लिहिता आलं की विषय संपला असं बहुतेकांना वाटतं.

खूण केली, टोपॉलॉजी पुन्हा पब्लिश केली. या वेळी एकही वॉर्निंग नाही, फोल्डरांवर चारही ग्रुप दिसू लागले. रेप्लिकेशन तरीही फॉल्स! चाळीस मिनिटं मी हताश होऊन बसलो होतो. कारण साधं निघालं. सर्व्हरचं अकाउंट त्या ग्रुपांत आदल्या दिवशी आलं होतं, पण मशीनकडचं केर्बेरोस तिकीट (नेटवर्कवर ओळख पटवणारा तात्पुरता पास) त्याआधीचं होतं, आणि जुन्या तिकिटात नवी मेंबरशिप नसते. सर्व्हिस बंद-चालू करून ते बदलत नाही. मशीन रीस्टार्ट करणं हा खात्रीचा मार्ग, नाहीतर जुन्या तिकिटाच्या जागी नवं येईपर्यंत वाट पाहा; तिकिटाची मुदत सहसा दहा तास असते. मी रीस्टार्ट केलं, रेप्लिकेशन पुन्हा ढकललं आणि ट्रू आलं. त्या क्षणी मी जागेवरून उठून उभा राहिलो. दादांनी चहा मागवला.

तुमच्या स्वतःच्या अकाउंटलाही हेच लागू. आरटीसी युनिव्हर्सल सर्व्हर ॲडमिन्समध्ये आजच घातलं असेल तर लॉग-ऑफ करून परत या, मगच पब्लिश करा. नाहीतर तुम्ही ग्रुपमध्ये असूनही नसल्यासारखे. कारखान्याच्या दोन ठिकाणी डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर) असतील तर नवी मेंबरशिप दोन्हीकडे पोचल्याची खात्री करा.

शेअर देताना आयपी पत्ता कधीच देऊ नका, पूर्ण डोमेननाव द्या. आयपी दिला की केर्बेरोस बाजूला राहतो आणि वेगळीच भानगड सुरू होते. ऑफलाइन फाइल्सची कॅशिंग त्या शेअरवर बंद करा. शेअरच्या दारावर सढळ आणि एनटीएफएसला कडक, हा माझा पक्का सल्ला, आणि एनटीएफएसमधून साध्या ‘युजर्स’चा वारशानं आलेला वाचण्याचा हक्क काढून टाका, कारण तिथे मीटिंगमध्ये चढवलेल्या फाइल येऊन पडतात. टोपॉलॉजी बिल्डरनं लावलेल्या ग्रुपांच्या हक्कांना मात्र हातानं शिवू नका. एखादा चुकून पुसलात तर पुन्हा पब्लिश करा, तो परत लावतो.

निघण्याआधी फोनवर ‘फुल राईट आहेत का’ असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. शेअर परमिशनच्या खिडकीचा फोटो मागवा, आणि सिक्युरिटीच्या खिडकीचा वेगळा. दोन्ही फोटो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

काम उरकलं तेव्हा तिसऱ्या दिवसाचे साडेतीन वाजले होते. कोल्हापुरात थांबायचं ठरलं होतं ते राहिलंच. ॲड्रेस बुकच्या फाइल रोज रात्री दीड वाजता तयार होतात, त्यामुळे ती एक परीक्षा बाकी होती. पुण्यात घरी आल्यावर दादांना सांगून ठेवलं. सकाळी सातला त्यांचा फोटो आला, एबीफाइल्स फोल्डर भरलेलं, खाली लिहिलं होतं, “आल्या साहेब, समद्या आल्या.”