दिवस भरण्याआधी: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माता आणि त्यांची बाळे

मी शिकागोजवळच्या एका रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आम्ही अपुऱ्या दिवसांचे मानतो, आणि आमच्याकडे काचेच्या पेटीत ठेवावी लागणारी बहुतेक बाळे याच कारणाने आलेली असतात. अमेरिकेत दर १० बाळांमागे साधारण एक बाळ असे लवकर जन्मते. मात्र या सरासरीच्या पोटात मोठी विषमता दडलेली आहे. २०२२ साली श्वेतवर्णीय मातांमध्ये हे प्रमाण ९.४ टक्के होते, तर कृष्णवर्णीय मातांमध्ये १४.६ टक्के, म्हणजे जवळजवळ दीडपट. हा फरक काही त्या एका वर्षापुरता नाही; गेली कित्येक दशके तो तसाच टिकून आहे.

आपल्या मराठी मंडळींमध्ये हा विषय निघाला की दोन उत्तरे तयारच असतात. "काळजी घेत नसतील" हे एक, आणि "त्यांच्या अंगातच असेल ते" हे दुसरे. गणपतीच्या महाप्रसादाची तयारी चालू असताना एका काकूंनी हे दुसरे उत्तर अगदी सहजपणे दिले, त्यात कुणाला हिणवण्याचा हेतू मुळीच नव्हता. "काकू, तसं असतं तर आफ्रिकेतून आलेल्या बायकांच्या बाबतीतही तेच दिसलं असतं ना?" एवढेच मी तेव्हा म्हणाले. त्या गडबडीत याहून अधिक बोलणे शक्य नव्हते, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या उत्तराची परीक्षा १९९२ सालीच झाली. केनेथ शोएनडॉर्फ, कॅरल होग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आई आणि वडील दोघेही महाविद्यालयीन पदवीधर असलेली कुटुंबेच निवडलेली होती. शिक्षण सारखे असूनही, वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण कृष्णवर्णीय कुटुंबांत हजारी १०.२ आणि श्वेतवर्णीय कुटुंबांत हजारी ५.४ होते. जन्मतः वजन पुरेसे असलेली बाळेच विचारात घेतली, तेव्हा मात्र हा फरक उरला नाही. याचा अर्थ, जे काही बिघडत होते ते जन्माच्या आधीच बिघडत होते, आणि पदवी, नोकरी, वेळच्या वेळी केलेल्या तपासण्या यांपैकी कशानेही ते पूर्णपणे टळत नव्हते.

दुसऱ्या उत्तराची परीक्षा आमच्या इलिनॉय राज्यातच झाली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्या दोन नवजातशिशुतज्ज्ञांनी १९८० ते १९९५ या काळातल्या इथल्या जन्मनोंदी घेऊन मातांचे तीन गट केले: अमेरिकेत जन्मलेल्या श्वेतवर्णीय, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आणि आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या कृष्णवर्णीय. कारण वंशात असते, तर आफ्रिकेतून आलेल्या मातांच्या बाळांची स्थिती सर्वांत वाईट असायला हवी होती, कारण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पूर्वजांत पिढ्यान्‌पिढ्या काही युरोपीय वंशही मिसळलेला आहे. प्रत्यक्षात श्वेतवर्णीय मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम भरले, आफ्रिकेतून आलेल्या मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९ ग्रॅम. (कमी वजन काही वेळा पोटात वाढ खुंटल्यानेही असते, पण अपुरे दिवस हे त्याचे एक मोठे कारण आहे.) दूरदेशी स्थलांतर करणारी माणसे मुळातच धडधाकट असतात, असा आक्षेप यावर घेता येतो. त्यासाठी याच संशोधकांचे २००२ सालचे पुढचे काम पाहावे लागते. युरोपातून आलेल्या स्त्रियांच्या लेकींना झालेल्या मुलींचे वजन आधीच्या पिढीपेक्षा वाढले; आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्या स्त्रियांच्या लेकींना झालेल्या मुलींचे वजन मात्र घटले. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलले होते ते एवढेच, की त्या लेकी या देशात कृष्णवर्णीय म्हणून लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

असे वाढणे शरीरात कसे उतरते, याविषयी आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये 'वेदरिंग'ची कल्पना मांडली. सततच्या ताणामुळे शरीर वयाआधीच झिजते, असे तिचे सार आहे. श्वेतवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत विशीतले बाळंतपण किशोरवयातल्या बाळंतपणापेक्षा बाळासाठी सुरक्षित असते. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत मात्र तसा फायदा दिसत नाही, उलट वय वाढेल तसा धोका वाढतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ताणाची संप्रेरके, शरीरातला दाह आणि वाढता रक्तदाब या तिन्ही गोष्टींचा वेळेआधीच्या प्रसूतीशी संबंध आहे.

ताण हा शब्द कुणाला मोघम वाटत असेल, तर डायान लॉडरडेल यांचा कॅलिफोर्नियातला अभ्यास पाहावा. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावे असलेल्या मातांमध्ये वेळेआधीच्या आणि कमी वजनाच्या जन्मांचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत वाढला; इतर गटांत तशी वाढ आढळली नाही. त्या बायकांचे रक्त, आहार किंवा डॉक्टर एका रात्रीत बदललेले नव्हते. बदलली होती ती त्यांच्याकडे पाहणाऱ्यांची नजर. त्या काळात दाढी-पगडीकडे आणि आपल्यासारख्या सावळ्या चेहऱ्यांकडेही लोक कसे पाहत, हे इथे जुन्या असलेल्या मराठी कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

राहण्याची जागा हे आणखी एक कारण. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोकादायक म्हणून लाल रंगाने दाखवल्या, आणि पुढे महामार्गही अनेक ठिकाणी अशाच वस्त्यांतून गेले. धुराचा परिणाम किती होतो, हे न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात दिसून आले. टोलनाक्यांवर गाड्या न थांबता जाऊ लागल्यावर दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये वेळेआधीचे जन्म सुमारे ११ टक्क्यांनी घटले.

आमच्या विभागात नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीवाटे बाळाला एक-दोन मिलिलिटर दूध द्यायचे, लंगोट ग्रॅममध्ये तोलून लघवीचा हिशेब ठेवायचा, असे काम रात्रंदिवस चालते. तिथे बसलेल्या एका आईने मला सांगितले होते, की डोके ठणकते आहे, पायांवर सूज आहे, असे ती दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा सांगून आली होती आणि दोन्ही वेळा तिला विश्रांती घ्यायला सांगून घरी पाठवले गेले. ती शिक्षिका आहे, कृष्णवर्णीय आहे. पुढे रक्तदाब इतका चढला की २८ व्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढावे लागले. अशा कहाण्या मी इतक्या ऐकल्या आहेत, की आईची तक्रार ऐकून घेणे हासुद्धा मला उपचाराचाच भाग वाटतो.

गर्भारपणात रक्तदाब असा धोकादायक चढण्याच्या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. या विकाराचा धोका असलेल्या गर्भवतीला १२ आठवड्यांनंतर रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तर त्याची शक्यता घटते आणि वेळेआधीची प्रसूतीही काही प्रमाणात टळते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२१ च्या शिफारशीत कृष्णवर्णीय असणे हा एक जोखीमघटक धरला, मात्र त्यामागची कारणे जैविक नसून सामाजिक आहेत, असेही स्पष्ट नोंदवले. गोळी अत्यंत स्वस्त आहे, पण ती वेळेवर लिहून देणारे कुणीतरी भेटावे लागते.

मेडिकेड या सरकारी विम्याचे संरक्षण पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपत असे. इलिनॉयने २०२१ मध्ये ते १२ महिन्यांपर्यंत वाढवले आणि नंतर बहुतेक राज्यांनी तेच केले. एकदा अपुऱ्या दिवसांचे बाळ झालेल्या स्त्रीला पुढच्या खेपेलाही तोच धोका अधिक असतो, त्यामुळे दोन गर्भारपणांमधल्या काळात तिचा रक्तदाब आटोक्यात असणे फार मोलाचे आहे. बाळ घरी जाताना आम्ही त्याच्या तपासण्यांच्या तारखा लिहून देतो. त्याच कागदावर आईच्या स्वतःच्या तपासणीची तारीख आणि तिच्या डॉक्टरांचे नाव आहे की नाही, हे मी पाहते, आणि नसेल तर फोन करून ती वेळ ठरवल्याशिवाय कागद तिच्या हातात देत नाही.