आकाशाचा रकाना

नोव्हेंबर सरत आला की पुण्याचा आठवड्याचा हवामान अंदाज म्हणजे एकच वाक्य सात वेळा. आकाश मुख्यतः निरभ्र, पहाटे धुकं. पावसाचा रकाना कोरा, कमाल तापमान तिशीच्या आसपास ठाण मांडून. साहजिकच सगळ्यांची नजर किमान तापमानावर जाते. स्वेटर काढायचा की नाही ते तिथं ठरतं. पण आधी बघावा तो आकाशाचा रकाना.

हवामान खातं आभाळाचे आठ भाग करतं. एक-दोन भागांत ढग असले तर ‘मुख्यतः निरभ्र’, तीन-चार भागांत असले तर ‘अंशतः ढगाळ’. शब्द दिसायला सारखेच, पण थंडीची सगळी मेख त्यातच. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब वर सोडते. आभाळ मोकळं, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की ती ऊब निघून जाते आणि पहाटे बोटं आखडतात. ढग आले की तीच ऊब बरीचशी माघारी येते. म्हणून तिकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की इकडे गुलाबी थंडीचा विचका होतो. पूर्वेकडून दमट वारे येतात आणि १४ अंशांवर उतरलेला पारा दोन रात्रींत १८-१९ वर. पावसाचा मात्र थेंब नाही!

दुसरी गोम आकड्यात. ‘पुणे’ म्हणून छापला जातो तो बहुधा शिवाजीनगरचा आकडा, शिमला ऑफिसच्या आवारातला. (१९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथं आलं, नाव चौकाला चिकटलं.) पाषाणला टेकड्यांच्या उतारावरून जड, गार हवा रात्री खाली येऊन साचते. मगरपट्ट्यात काँक्रीट उशिरापर्यंत ऊब सोडत राहतं. एकाच पहाटे दोन्हीकडे चार-पाच अंशांचा फरक पडला तर नवल नाही.

घरचा तापमापक बाल्कनीच्या भिंतीला टांगला असेल तर तो हवेचं नाही, भिंतीचं तापमान सांगतो. वेधशाळेत तो पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही. किमान तापमापकात पारा नसून अल्कोहोल, आणि त्यात एक बारीक काडी. अल्कोहोल आकसताना काडीला मागे ओढतं, पसरताना तिला तिथंच सोडून पुढे जातं. सूर्योदयाच्या सुमाराचा नीचांक साडेआठला वाचता येतो तो या काडीमुळे.

एवढा खटाटोप नको असेल तर खोबरेल तेलाची बाटली आहेच. चोवीस-पंचवीस अंशांखाली ती थिजू लागते: आधी तळाशी पांढुरका ढग, मग सगळी बाटली गच्च. खोलीचं तापमान सांगायला पुरेशी.

तर अंदाजात सलग तीन रात्री निरभ्र आणि किमान १३-१४ दिसलं, की दूध नेहमीपेक्षा जरा कोमट असताना विरजावं, विरजण अर्धा चमचा जास्त घालावं आणि भांडं कणकेच्या डब्यात ठेवावं, नाहीतर सकाळी दही लागलेलं नसतं. सकाळी गाडीच्या सीटवर दव असतंच. फडकं डिकीत टाकून ठेवावं. ‘अंशतः ढगाळ’ असेल तर भांडं ओट्यावरच राहू द्यावं, डब्यात ठेवलं तर आंबट होतं.